सहा पौंडांची कथा : एका संस्थापिकेच्या आत्मनिवेदनाचा विचार

आत्मचरित्राची चिकित्सा करताना लेखकाने काय सांगितले, काय गाळले आणि सांगताना कोणता पवित्रा घेतला, हे प्रश्न आपण सहजच विचारतो. उद्योगसंस्थापकाचे आत्मकथन हाती आले म्हणजे मात्र हे प्रश्न बाजूस सारून आपण ते स्फूर्तिदायक वाचन म्हणून उरकून टाकतो. संस्थापक स्त्री असेल तर ही सवलत दुप्पट होते. तिने सोसलेल्या अडचणींविषयी आदर वाटतो आणि आदराच्या पोटी प्रश्न विचारावयाचे राहून जातात. ही सवलत अंती त्या लेखिकेवरच अन्याय करणारी आहे, असे माझे मत आहे. ज्या ग्रंथाला प्रश्न विचारावयाचे नाहीत, तो ग्रंथ वाङ्मय म्हणून आपण स्वीकारलेलाच नसतो.

स्टेफनी शर्ली यांचे ‘लेट इट गो’ हे आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. रिचर्ड अ‍ॅस्कविथ हे त्याचे सहलेखक आहेत. त्यामुळे निवेदनाचा ओघवतेपणा कोणाचा आणि आशय कोणाचा, हा प्रश्न आरंभीच उपस्थित होतो. परंतु त्याचा निर्णय ग्रंथावरून करता येण्याजोगा नाही, म्हणून तो सोडून देतो. संगणकावर चालणाऱ्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, हाच विकावयाचा माल आहे असे मानून स्त्रीने काढलेल्या पहिल्या काही संस्थांपैकी शर्ली यांची ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही एक होय. ती १९६२ साली इंग्लंडमध्ये निघाली. आज ‘स्टार्टअप’ या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्याची बहुतेक लक्षणे, म्हणजे तुटपुंजे भांडवल, घरातले कार्यालय, विखुरलेले कर्मचारी आणि ग्राहकाला अद्याप न कळलेली वस्तू, या संस्थेत त्या शब्दाचा बोलबाला होण्यापूर्वीच आढळतात. तसेच संस्थापिकेच्या कथेचे जे साचे पुढे रूढ झाले, त्यांपैकी कित्येक या एका कथेत मुळातून पाहावयास मिळतात.

चरित्राची रूपरेषा थोडक्यात अशी. १९३३ साली डॉर्टमुंड येथे व्हेरा बुख्ताल या नावाने जन्म. वडील ज्यू न्यायाधीश. नाझी राजवटीत त्यांचे पद गेले. १९३९ च्या जुलै महिन्यात, पाच वर्षांची असताना, नऊ वर्षांच्या बहिणीसमवेत ती ‘किंडरट्रान्सपोर्ट’च्या आगगाडीने इंग्लंडला पोहोचली. या योजनेने सुमारे दहा हजार मुले वाचली. पालक कुटुंबात वाढ झाली. मुलींच्या शाळेत वरच्या वर्गाचे गणित शिकवीत नसत, म्हणून त्या विषयापुरते मुलांच्या शाळेत जावे लागले. पुढे डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी, सायंकालीन वर्गांना सहा वर्षे जाऊन मिळविलेली गणिताची पदवी, १९५९ मध्ये डेरेक शर्ली या भौतिकशास्त्रज्ञाशी विवाह, आणि तीन वर्षांनी स्वतःची संस्था. १९९३ साली त्या निवृत्त झाल्या. मिळालेली बहुतेक संपत्ती त्यांनी दान केली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील इंटरनेट इन्स्टिट्यूट ही त्या दानातूनच २००१ साली उभी राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

ही कथा जेथे जेथे सांगितली जाते तेथे तेथे एक आकडा हटकून येतो : सहा पौंड. एवढ्या भांडवलावर संस्था सुरू झाली. हा आकडा खोटा आहे असे मला म्हणावयाचे नाही. पण आकडा खरा असणे आणि त्याने सांगितलेली गोष्ट खरी असणे या भिन्न गोष्टी आहेत. २०१५ साली दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानात स्वतः शर्ली यांनीच सांगितले की, संस्थेला पैसा पुरविला तो त्यांच्या श्रमाने आणि घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाने. मग सहा पौंड कोठे राहिले? तारण ठेवण्याजोगे घर होते, पगार घरी आणणारा पती होता, आणि मुख्य म्हणजे सरकारी संशोधन केंद्रात घेतलेले, त्या काळी पैसे देऊनही सहजासहजी न मिळणारे शिक्षण होते. संस्थेचे खरे भांडवल हे होते. सहा पौंड ही भांडवलाची रक्कम नव्हे, तो कथेचा अलंकार आहे.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तिच्या कथेतही असाच एक आकडा आहे. छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये, हे त्या संस्थेचे आद्य भांडवल. त्या काळचा विनिमयाचा दर रुपयास दीड शिलिंग, म्हणजे पौंडास तेरा रुपये पाच आणे काही पै असा होता. सहा पौंडांचे त्या दराने बरोबर ऐंशी रुपये होतात! हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर सिद्धांत उभारण्याचा मोह मी टाळतो. परंतु योगायोग असला तरी तो उद्बोधक आहे. दोन खंडांत, तीन वर्षांच्या अंतराने, दोन अगदी भिन्न थरांतील स्त्रियांनी घरातून चालविलेल्या उद्योगांच्या उत्पत्तिकथा एकाच रकमेला येऊन भिडतात. एवढी रक्कम घरखर्चातून कोणाच्या डोळ्यावर न येता बाजूला काढता येते किंवा ओळखीच्या माणसाकडून मागता येते. तिच्याहून मोठी रक्कम सांगितली तर श्रोता विचारील, ‘तुला कोणी दिली?’ लहान आकडा हा प्रश्न उद्भवूच देत नाही. लिज्जतच्या कथेत निदान उसने देणाऱ्याचे नाव टिकून आहे. शर्ली यांच्या कथेत तारण ठेवलेले घर आकड्यामागे झाकले जाते.

दोन्ही संस्थांत आणखी एक साम्य आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. लिज्जतच्या सभासद बहिणी शाखेतून मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटतात, आणून देतात व वजनावर मोबदला घेतात; घरात पापड लाटण्या-वाळविण्याजोगी स्वच्छ जागा असणे ही प्रवेशाची अट असते. ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’कडे काम मागणाऱ्या स्त्रीजवळ टेलिफोनची सोय आहे की नाही, हे पाहिले जाई. म्हणजे पात्रतेची कसोटी केवळ व्यक्तीची नव्हती, घराचीही होती. १९६० च्या सुमारास इंग्लंडातही टेलिफोन घरोघरी नव्हता. ‘घरी बसून काम करण्याची संधी सर्व स्त्रियांना’ या वाक्यातील ‘सर्व’ हा शब्द अशा रीतीने टेलिफोनच्या तारेवर अडकतो. तरीही आपण एका संस्थेस ‘गृहउद्योग’ म्हणतो आणि दुसरीस ‘तंत्रज्ञान-कंपनी’. ही दोन नावे कामाच्या रचनेवरून पडलेली नाहीत. मालाच्या प्रतिष्ठेवरून पडली आहेत.

आता दुसरा प्रसिद्ध प्रसंग. ग्राहकाचा फोन आला म्हणजे मागे मुलाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून शर्ली टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत. ऐकणाऱ्यास वाटे, केवढे मोठे कार्यालय आहे! हा प्रसंग सर्वत्र हशा घेऊन जातो आणि तो हशा योग्यही आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने हशा ओसरल्यावर थांबावयास हवे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ही आत्मकथने ज्याने वाचली आहेत, त्यास या फितीचे वैचित्र्य विशेष जाणवेल. त्या ग्रंथांत घर हीच रंगभूमी आहे. चूल, आजारपण, सोवळे-ओवळे, येणारे-जाणारे यांच्या गलबल्यातूनच निवेदिकेचा आवाज ऐकू येतो. किंबहुना गलबला काढून टाकला तर आवाजही उरणार नाही. शर्ली यांच्या कथेत घर हे कारखाना असूनही ते ऐकू येता कामा नये. खोटा गलबला लावून खरा दडपावयाचा आहे. आणि जो खोटा गलबला निवडला तोही कोणाचा? टंकलेखन करणाऱ्या स्त्रियांचा! कार्यालयाचे विश्वासार्ह चिन्ह म्हणून पगारी स्त्रीश्रमाचा नाद चालतो. मातेच्या श्रमाचा चालत नाही. एवढा नेमका विरोध एखाद्या कादंबरीकारास सुचता तर आपण त्याची वाहवा केली असती. ग्रंथात मात्र तो एक गमतीचा किस्सा म्हणून येतो व जातो.

कामाची पद्धत कशी होती हे सांगितल्याखेरीज पुढील मुद्दा स्पष्ट होणार नाही. या स्त्रियांच्या घरी संगणक नव्हते. असणे शक्यच नव्हते. कागद आणि पेन्सिल घेऊन आधी प्रवाह-आकृती काढावयाची, मग यंत्राच्या भाषेत एकेक आज्ञा लिहावयाची. ते कागद टपालाने केंद्राकडे जात. तेथे त्यावरून कागदी फितीवर अथवा कार्डांवर छिद्रे पाडीत आणि पडताळ्यासाठी तेच काम दुसऱ्यांदा करीत. त्यानंतरच ते यंत्राला मिळे. स्वनातीत ‘काँकॉर्ड’ विमानाच्या उड्डाण-नोंदणी यंत्राची आज्ञावली अशा रीतीने स्वयंपाकघरांतून लिहिली गेली. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे तीन होते. ही हकीकत विलक्षण आहे यात वाद नाही.

परंतु या साखळीत एक कडी अशी आहे की तिच्यावर कथेचा उजेड पडत नाही. छिद्रे पाडणारे हात कोणाचे? ते कामही त्या काळी बहुशः स्त्रियाच करीत. मार हिक्स यांनी ‘प्रोग्रॅम्ड इनइक्वालिटी’ (२०१७) या ग्रंथात ब्रिटिश सरकारी नोकरीतील यंत्रचालक स्त्रियांचा इतिहास तपशीलाने मांडला आहे. १९५५ साली सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरते समान वेतनाचे तत्त्व मान्य केले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात आणले. पण यंत्रे चालविणाऱ्यांच्या श्रेणीत तुलना करावयास पुरुषच नाहीत, या सबबीवर ती श्रेणी त्यातून वगळली गेली. पुढे संगणकाचे महत्त्व वाढताच त्याच जागांवर पुरुष उमेदवार आणावयाचा प्रयत्न झाला, आणि ब्रिटनने आपले तयार कौशल्य स्वतःच्या हाताने वाया घालविले, असा हिक्स यांचा निष्कर्ष आहे. शर्ली यांची संस्था त्या पार्श्वभूमीवर ठेवली म्हणजे तिचे खरे स्वरूप लक्षात येते. सरकारने टाकून दिलेला माणूस त्यांनी उचलला. विवाहानंतर व मातृत्वानंतर बाहेर पडलेल्या शिक्षित स्त्रिया हा त्यांच्या उद्योगाचा कच्चा माल होता, आणि तो स्वस्तात मिळत होता याचे कारण समाजाचा अन्याय हेच होते.

हे वाक्य कठोर वाटेल. त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी आणि ती जॅनेट अ‍ॅबेट यांनी ‘रीकोडिंग जेंडर’ (२०१२) या ग्रंथात चांगली मांडली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एल्सी शट यांनी गरोदरपणामुळे नोकरी सोडावी लागल्यावर ‘कॉम्प्युटेशन्स इन्कॉर्पोरेटेड’ ही अशीच संस्था काढली, तीही शर्ली यांच्या आधी. अ‍ॅबेट या दोघींची तुलना करतात आणि दाखवितात की, लवचीक वेळ हा या संस्थांत नफ्याचा केवळ उपाय नव्हता. काही अंशी नफा हाच त्या वेळेचा उपाय होता. संस्था चालली तरच त्या स्त्रियांना बुद्धीचे काम मिळणार होते. दोन्ही वाचने मला ग्राह्य वाटतात, तथापि दोन्हींत एक उणीव राहते. अ‍ॅबेट यांची दृष्टी संस्थापिकेच्या हेतूवर स्थिरावते, हिक्स यांची राज्यसंस्थेच्या अपराधावर. आज्ञा लिहिणारी स्त्री आणि छिद्रे पाडणारी स्त्री यांच्यामधून जी रेषा जाते, ती या कथेच्या आत कोठे आहे हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम होतो. स्त्रियांची संस्था म्हणून जिचा गौरव होतो, ती मुख्यतः मध्यमवर्गातील, गणित शिकलेल्या, टेलिफोन असलेल्या स्त्रियांची संस्था होती. त्यात गैर काही नाही. ते स्पष्ट शब्दांत सांगितले जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

नावाचा विषय तुलनेने परिचित आहे. ‘स्टेफनी’ या सहीने पाठविलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्यांनी ‘स्टीव्ह’ अशी सही सुरू केली व उत्तरे येऊ लागली. या प्रसंगाची चर्चा नेहमी पुरुषी नावाच्या अंगाने होते. पण ग्रंथ एकसंध वाचला तर हे नामांतर एकटे नाही. व्हेरा बुख्ताल, नागरिकत्व घेताना स्टेफनी ब्रुक, विवाहानंतर शर्ली, आणि मग स्टीव्ह. जिला पाच वर्षांची असताना एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेत ठेवले गेले, तिला नाव ही जगण्याची सोय आहे हे आधीच ठाऊक होते. ‘स्टीव्ह’मधील युक्ती व्यापाऱ्याची कमी आणि निर्वासिताची अधिक आहे. आपले वाचविले जाणे सार्थ ठरेल असे जगावयाचे, हा जो निश्चय त्या वारंवार बोलून दाखवितात, त्याच्याशीही ही गोष्ट जुळते. यशोगाथेचे वाचक मात्र निर्वासित मुलीचे पहिले प्रकरण ‘पार्श्वभूमी’ म्हणून ओलांडतात व दुसऱ्यापासून खरा मजकूर सुरू झाला असे मानतात.

१९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने केवळ स्त्रियांना काम देण्याचे धोरण बेकायदा ठरले, हा इतिहासाचा विनोद शर्ली मोठ्या खुबीने सांगतात. विनोदाची ही शैली हा ग्रंथाचा गुण आहे आणि मर्यादाही. सभेत बोलून बोलून गुळगुळीत झालेले किस्से लेखनात आले की त्यांच्या कडा बोथट होतात.

संस्थापकाच्या आत्मकथनात आणखी एक अडचण असते : संस्था संस्थापकाच्या हातून सुटल्यावर कथा कोणाची? शर्ली यांनी समभागांचा मोठा वाटा टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. त्यांतील सत्तर जण पुढे लक्षाधीश झाले, असे त्या सांगतात. कंपनी १९९६ साली लंडनच्या शेअरबाजारात आली तेव्हा कारभार हिलरी क्रॉपर यांच्याकडे होता. विस्ताराचे श्रेय पुष्कळ अंशी त्यांना जाते, तरी लोकांच्या स्मरणात ते नाव नाही. दुसरी येणारी, हिशेब नीट लावणारी, वाढविणारी स्त्री या वाङ्मयप्रकारात बसत नाही. १९९७ साली याच कंपनीने भारतातील ‘आय. आय. एस. इन्फोटेक’ विकत घेतली, २००१ मध्ये ‘झान्सा’ हे नाव धारण केले आणि २००७ मध्ये ती ‘स्टेरिया’ या फ्रेंच कंपनीत विलीन झाली. ग्राहकापासून दूर, त्याला न दिसणाऱ्या जागी, कमी दरात लिहून घेतलेली आज्ञावली हे जे सूत्र बकिंगहॅमशायरच्या घरांतून सुरू झाले, तेच आता समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. घरी बसलेल्या इंग्रज मातेची जागा भारतीय अभियंत्याने घेतली. भारतातील सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास लिहिताना हा वंशवृक्ष विचारात घ्यावयास हवा. तो केवळ अमेरिकेकडे पाहून लिहिता येणार नाही.

यशोगाथेच्या साच्याची अशी चिकित्सा हा निव्वळ विद्वत्तेचा छंद नव्हे. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘थेरानोस’ ही रक्तपरीक्षेची कंपनी काढली. साचा तयारच होता आणि तो त्यांना इतका चपखल बसला की यंत्र चालते की नाही हे पाहण्याची निकड अनेक जाणत्यांना भासली नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले. शर्ली आणि होम्स यांची नावे एका परिच्छेदात घेणेही काहींना रुचणार नाही. एकीचे काम खरे होते, दुसरीचे नव्हते. पण दोघींच्या कथा ज्या कानांनी ऐकल्या गेल्या, ते कान एकच आहेत. कथेचे सौष्ठव हा कामाचा पुरावा नव्हे, हे समीक्षेने सांगावयाचे नाही तर कोणी?

‘लेट इट गो’मधील सर्वांत सामर्थ्यशाली पाने साच्याबाहेरची आहेत, आणि ती नसती तर या ग्रंथावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. संस्था निघाल्यावर वर्षभरात, १९६३ साली, मुलगा जन्मला. जाइल्स त्याचे नाव. आरंभी तो इतर मुलांसारखाच वाढत होता. मग आलेली वाचा गेली. त्याला स्वमग्नता होती, आणि तिचे स्वरूप तीव्र होते. पुढील वर्षांत संस्था वाढत गेली तसतसे घर सांभाळणे अशक्य होत गेले. शर्ली स्वतः कोलमडल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. मुलालाही दीर्घकाळ संस्थेत राहावे लागले. येथे निवेदनाची चाल बदलते. वाक्ये आखूड होतात, किस्से थांबतात. ज्या मुलाचा आवाज ग्राहकाला ऐकू येऊ नये म्हणून फीत लावावयाची, त्याच मुलाचा आवाज नाहीसा झाला, हा संबंध लेखिकेने कोठेही जोडून दाखविलेला नाही. तो वाचकाने स्वतः जोडावयाचा आहे. लेखिकेला तो दिसला नसेल असे मला वाटत नाही. दिसूनही तिने तो उच्चारला नाही, आणि सबंध ग्रंथात वाङ्मयीन संयमाचे मला आढळलेले हे एकमेव मोठे उदाहरण आहे.

१९९४ साली त्यांनी ‘किंगवुड’ हा न्यास काढला तो जाइल्सला रुग्णालयाबाहेर, वस्तीत, स्वतःच्या घरात राहता यावे म्हणून. तोच तेथला पहिला रहिवासी. १९९८ मध्ये, पस्तीस वर्षांचा असताना, तो गेला. या संस्थेला आरंभी किती पैसे लागले, याचा आकडा कोणी किश्शासारखा सांगत नाही.